तीन मापं माझी, बाकीची पंखाची

पडद्यावर नऊ आलेख होते आणि नऊही एकमेकांवर तंतोतंत बसले होते. विमानाच्या पंखाचा आस्पेक्ट रेशो, म्हणजे लांबीचं रुंदीशी प्रमाण, सहापासून चौदापर्यंत एकेकानं वाढवत मी कोडकडून नऊ पंख तयार करून घेतले होते. आखूड-रुंद पंख आणि लांब-निमुळता पंख हवेत सारखे वागणं शक्यच नाही. पण कोड विनातक्रार चालला होता, नऊ फाइली तयार होत्या, लाल अक्षरांत एकही ओळ आली नव्हती. रात्री साडेअकराला पहिली आणि नववी फाइल उघडून शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत एकच पंख होता.

त्या रात्री जे कळलं ते सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

नाशिकला आम्ही चौघं मिळून जमिनीच्या मोजणीसाठी छोटी विमानं बनवतो. हातानं फेकून उडवायची, वजन 3.2 किलो, उडण्याचा वेग सेकंदाला 16 मीटर, पंखाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. आधीचं विमान मी माउसनं काढलं होतं. मुळाशी पंखाची रुंदी वीस मिलिमीटरनं बदलली की धडाशी जुळवलेला सांधा उखडायचा, कडांची गोलाई गायब व्हायची, बॅटरीचा कप्पा भलतीकडे सरकायचा. मग दोन दिवस नुसती डागडुजी. वर्षभरात आम्ही जेमतेम दोन पंख तपासू शकलो आणि त्यातला बरा तो घेतला. याला डिझाइन म्हणायला माझं मन तयार होत नव्हतं.

माझे मामा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. हयात टेम्प्लेटच्या, म्हणजे आकारांच्या साच्यांच्या, कामात गेली. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, चित्र कशाला काढत बसतेस? मापांचा तक्ता कर. चित्र त्यातून निघेल."

ही गोष्ट किती जुनी आहे ते मी नंतर वाचलं. पूर्वी विमानाचे वक्र जहाजासारखेच आखले जायचे. मोठ्या जमिनीवर लवचीक पट्टी वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या कडेनं रेघ ओढायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या नॉर्थ अमेरिकन कंपनीत रॉय लायमिंग यांनी मस्टँग या लढाऊ विमानाचे आकार शंकुच्छेदांच्या, म्हणजे लंबवर्तुळासारख्या वक्रांच्या, समीकरणांत बसवले. मग धडाच्या कुठल्याही छेदाचं माप पट्टी न वाकवता आकडेमोडीनं काढता येऊ लागलं. संगणक नव्हता, पण आकार मात्र सूत्रांतून येत होता. मामांचा 'तक्ता' तो हाच.

मी निवडलं ओपनव्हीएसपी, विमानाचे आकार मापांतून उभे करणारा प्रोग्राम. नासासाठी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रॅपिड एअरक्राफ्ट मॉडेलर नावाचा प्रोग्राम लिहिला गेला, त्याचाच हा वंशज. 2012 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. इथं रेघा ओढायच्या नसतात. 'पंख' म्हणायचं, 'धड' म्हणायचं, आणि त्यांची मापं द्यायची. ही मापं हातानं खिडकीत भरता येतात, तशीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतूनही देता येतात. शिवाय त्याच्याबरोबर व्हीएसपीएरो नावाचा गणक मिळतो. तो पंखाला पातळ पत्रा मानतो, त्यावर भोवऱ्यांची जाळी पसरतो आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, किती आणि ड्रॅग, म्हणजे मागं खेचणारा हवेचा विरोध, किती ते सांगतो.

मामांनी मात्र अट घातली की आधी एक एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, स्वतःच्या हातानं लिहायचं. मी नाका (NACA) मालिकेतलं 2412 घेतलं, सेस्ना 172 च्या पंखाला असतं ते. नावातच सगळं आहे: पंखाच्या रुंदीच्या मानानं बाक 2 टक्के, तो पुढच्या कडेपासून 40 टक्क्यांवर, जाडी 12 टक्के. जाडीच्या सूत्रात पाच सहगुणक: 0.2969, उणे 0.1260, उणे 0.3516, 0.2843 आणि उणे 0.1015. पंखाच्या मागच्या कडेला बेरीज शून्य येईल असं मी धरून चालले होते. ती 0.0021 येते. म्हणजे 200 मिलिमीटर रुंद पंखाच्या मागच्या कडेला वरचा आणि खालचा पृष्ठभाग भेटत नाहीत, मध्ये अर्धा मिलिमीटर उरतो. डोळ्यांना हे दिसत नाही. पण माझ्या कोडात पृष्ठभाग बंद होईना आणि घनफळ काढायला गेलं की भलताच आकडा यायचा. शेवटचा सहगुणक उणे 0.1036 केला आणि कड मिटली. ही अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट पुढं पंख कापायच्या वेळी पुन्हा माझ्यासमोर आली, तेव्हा वेगळ्याच तोंडानं.

आता ते नऊ आलेख.

ओपनव्हीएसपीत पंखाच्या प्रत्येक भागाला बरीच मापं असतात: लांबी, क्षेत्रफळ, आस्पेक्ट रेशो, टेपर, मुळाची कॉर्ड, टोकाची कॉर्ड, सरासरी कॉर्ड. कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागची रुंदी, आणि टेपर म्हणजे टोकाची कॉर्ड मुळाच्या किती पट आहे ते. ही सगळी एकमेकांत गुंतलेली आहेत. नेमकी तीन ठरवली की बाकीची आपोआप ठरतात. त्या तिघांना प्रोग्राम 'ड्रायव्हर' म्हणतो, आणि ती कुठली तीन हे त्याला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. त्यानं लांबी, मुळाची कॉर्ड आणि टोकाची कॉर्ड ही तीन धरली होती. मी आस्पेक्ट रेशो सात लिहिला, आठ लिहिला, चौदा लिहिला. प्रत्येक वेळी त्यानं आपल्या तीन मापांवरून खरा आस्पेक्ट रेशो काढला आणि माझा आकडा पुसून टाकला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पंखाला एकाच वेळी चार मालक असू शकत नाहीत.

दुरुस्ती एका ओळीची होती: ड्रायव्हर म्हणून क्षेत्रफळ, आस्पेक्ट रेशो आणि टेपर. नऊ आलेख लगेच पंख्यासारखे पसरले. पण मला त्यानंतर झोप आली नाही. माउसनं काढताना हा प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नव्हता. तिथं मी सगळीच मापं देत होते, म्हणजे खरं तर एकही ठरवत नव्हते. यातली माझ्या निर्णयाची कुठली आणि त्या निर्णयातून आपोआप निघणारी कुठली, हे वेगळं करायची वेळ पहिल्यांदा आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सकाळपासून याच एका प्रश्नावर बसलो. क्षेत्रफळ आपलं, यावर लगेच एकमत झालं, कारण हातातून सुटताना विमान किती हळू उडू शकेल हे वजन आणि क्षेत्रफळावर ठरतं. उरलेल्या दोनांवर संध्याकाळपर्यंत वाद चालला आणि तो पुरता मिटला नाही.

मधल्या एका चुकीचं थोडक्यात सांगते, कारण नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण तिथंच ठेचकाळतील. सममिती लावली की पंखाच्या भागाचं क्षेत्रफळ एका बाजूचं असतं. मी ते 0.25 तसंच गणकाला संदर्भ क्षेत्रफळ म्हणून दिलं; द्यायचं होतं दोन्ही बाजूंचं 0.5. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, हवेची घनता मी घनमीटरला 1.1 किलो धरते, 3.2 किलोला 16 च्या वेगानं लिफ्टचा गुणांक, म्हणजे वेग, हवा आणि क्षेत्रफळाच्या मानानं लिफ्ट किती तो आकडा, 0.45 च्या आसपास लागतो. पडद्यावर आला 0.9. कागदावर आधी हातानं गणित करून ठेवलं होतं म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून कागदावरचं उत्तर असल्याशिवाय मी गणक चालवत नाही.

मग ऑप्टिमायझर, म्हणजे मापं बदलत सर्वोत्तम पंख शोधणारा प्रोग्राम. त्याला सांगितलं: क्षेत्रफळ तेवढंच ठेव, लिफ्ट तेवढीच ठेव, इंड्यूस्ड ड्रॅग कमीत कमी कर. इंड्यूस्ड ड्रॅग म्हणजे लिफ्ट निर्माण करण्याची किंमत, पंखाच्या टोकांमागं सुटणाऱ्या भोवऱ्यांत जाणारी ऊर्जा. पहिल्याच फेरीत तो थांबला आणि म्हणाला, उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे मी दिलेला सुरुवातीचाच पंख. यात दोन दिवस गेले. दिशा शोधण्यासाठी तो प्रत्येक माप अगदी किंचित हलवून पाहतो, आणि सायपाय या पायथनच्या गणिती संचात ती किंचित हालचाल मुळात 1 भागिले सुमारे 7 कोटी इतकी असते. माझ्याकडच्या आवृत्तीत निकालाची फाइल पाच दशांश स्थळांपर्यंतच आकडे छापत होती. एवढ्याशा हालचालीचा फरक तिथं उमटणारच नव्हता. त्याला सगळीकडे सपाट मैदान दिसत होतं, म्हणून तो जागेवर उभा राहिला. पायरी एक टक्क्याची केली आणि तो चालू लागला.

आमची मापं पाचच होती, त्यामुळे दर टप्प्याला सहा वेळा गणक चालवून भागत होतं. प्रवासी विमानाच्या पंखावर शेकडो मापं असतात; तिथं असं एकेक हलवून पाहणं परवडत नाही. अँटनी जेम्सन यांनी 1988 मध्ये नियंत्रण सिद्धांताचा आधार घेऊन दाखवलेली अ‍ॅडजॉइंट पद्धत म्हणूनच एवढी मोलाची ठरली. प्रवाहाच्या एका गणिताला तेवढ्याच आकाराच्या आणखी एका गणिताची जोड दिली की सगळ्या मापांच्या दिशा एकदम मिळतात, मापं पाच असोत की पाचशे. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी वहीत ते समीकरण तीनदा लिहून काढलं. इतकी सुंदर कल्पना फार क्वचित भेटते.

चालू लागलेला ऑप्टिमायझर सरळ पंख लांबवत गेला. मी वरची मर्यादा वीस दिली होती, तो विसावर जाऊन टेकला. पंचवीस दिली असती तर पंचविसावर गेला असता. लांब पंखानं इंड्यूस्ड ड्रॅग कमी होतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पंख मोडूही शकतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

ते आता कागदावर मांडलं. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून पंख 2 मीटरचा 2.6 मीटर केला, तर मुळाशी वाकवणारा जोर 1.3 पट होतो. त्याच वेळी कॉर्ड 250 वरून 192 मिलिमीटरवर येते, आणि जाडी 12 टक्केच असल्यानं 30 मिलिमीटरची 23 होते. जोर वाढला आणि तो पेलायची खोली घटली. स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य दांड्याच्या, वरच्या-खालच्या पट्ट्यांवरचा ताण 1.3 गुणिले 1.3, म्हणजे जवळपास 1.7 पट. लुडविग प्रांटल यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की पंखाच्या वजनाची अट घातली की पंखभर लिफ्टचं सर्वोत्तम वाटप बदलतं: लिफ्ट मुळाकडे जास्त घेतली तर 22 टक्के लांब पंखानं 11 टक्के कमी इंड्यूस्ड ड्रॅग मिळतो, आणि स्पारचं वजन तेवढंच राहतं. ही अट कोडात घातली. शिवाय दुसरी अट मोटरसायकलची. आमची पेटी मागच्या सीटवर आडवी बांधतो. पंखाचा अर्धा भाग एक मीटरहून लांब असून चालत नाही. गणित जिथं जाऊन थांबलं ते दोन मीटरच्या थोडं पुढं होतं, म्हणून लांबी दोन मीटर पक्की केली. आता ड्रायव्हर बदलले: क्षेत्रफळ, लांबी आणि टेपर. आस्पेक्ट रेशो, ज्याच्यापायी ती रात्र गेली होती, तो आता निर्णय राहिलाच नव्हता. तो आठ येतो, एवढंच.

उरला टेपर. ऑप्टिमायझरनं 0.35 सांगितला. मुळाशी 370 मिलिमीटर, टोकाला 130. लिफ्टचं वाटप लंबवर्तुळाच्या अगदी जवळ, आलेख पाहून डोळे निवले. पंख कापला, कार्बनची नळी घातली, दिंडोरी रस्त्याला ओळखीच्यांच्या शेतात गेलो. माझ्या सहकाऱ्यानं पाच पावलं धावत जाऊन विमान फेकलं. ते दोन सेकंद सरळ गेलं, मग डावा पंख एकदम खाली पडला, जणू कुणी टोक धरून ओढलं, आणि विमान काळ्या मातीत शिरलं. पंख मुळाशी तुटला होता. आम्ही कुणीच बराच वेळ काही बोललो नाही. तुकडे गोळा करताना टोकाचा तो 130 मिलिमीटरचा अरुंद भाग माझ्या हातात आला. तो पूर्ण शाबूत होता.

हातातून सुटताना वेग सेकंदाला 10 मीटरच असतो. तेव्हा लिफ्टचा गुणांक 1.14 लागतो, आणि टोकाच्या 130 मिलिमीटरला रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे वेग, रुंदी आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा, पडते सुमारे 77 हजार. इतक्या कमी संख्येला एअरफॉइल लवकर हार मानतं. हवा पाठीवरून सुटते आणि त्या जागची लिफ्ट जाते. मार्क ड्रेला यांनी एमआयटीत 1986 मध्ये लिहिलेल्या एक्सफॉइल या एअरफॉइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये टोक तपासलं तेव्हा ते स्वच्छ दिसलं. भोवऱ्यांच्या जाळीला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. तिच्या हिशेबी हवा पंखाला कधीच सोडत नाही. जो प्रश्न ती सोडवूच शकत नव्हती, त्याचं उत्तर मी तिच्याकडून घेतलं होतं.

नवी अट: 10 मीटरच्या वेगाला पंखाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिस्श्यात कुठंही लिफ्टचा गुणांक एक्सफॉइलनं दिलेल्या मर्यादेच्या 85 टक्क्यांवर जाता कामा नये. आता टेपर 0.6 आला आणि टोकाला अडीच अंश खाली पीळ. इंड्यूस्ड ड्रॅग जेमतेम दोन टक्के वाढला. तेवढ्याच दोन टक्क्यांसाठी आधीचा पंख मातीत गेला होता.

पंख कापून देतात ते काका पूर्वी गणपतीची मखरं करायचे. 2018 मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि ते काम थांबलं. तापलेल्या तारेवरचा त्यांचा हात मात्र तसाच आहे. माझी स्क्रिप्ट मुळाचा आणि टोकाचा असे दोन साचे काढते, ते सनमायकात कापून ठोकळ्याच्या दोन बाजूंना चिकटवायचे. दोन्ही साच्यांच्या कडेवर एक ते वीस खुणा असतात, प्रत्येक साच्याच्या वक्राच्या लांबीचे सारखे वीस भाग करून. तारेचं एक टोक काका धरतात, दुसरं मी. आकडे मोठ्यानं म्हणायचे, आणि दोघांनी एकाच वेळी त्याच आकड्यावर असायचं. मुळाकडचा हात भराभर चालतो, टोकाकडचा सावकाश. तार थोडं थर्मोकोल वितळवून खाते, त्याची भरपाई म्हणून साचा अर्धा मिलिमीटर मोठा असतो.

काकांनी नवे साचे उजेडात धरून पाहिले. "ताई, ही मागची कड एवढी बारीक ठेवलीत तर तारेवर टिकायची नाही. वितळून जाईल. दीड मिलिमीटर तरी ठेवा." मी महिनाभरापूर्वी जी फट मिटवली होती, तीच आता तिप्पट करून मागत होते. गणकाला मिटलेली कड हवी आणि तारेला जाड. मी कोडात कडेची जाडी हे वेगळं माप केलं. आता प्रत्येकाला हवी तशी कड मिळते.

दुसरं त्यांनी सांगितलं ते अधिक मोठं होतं. "आणि हा तीनशे बारा आहे मुळाशी. माझ्याकडं ठोकळा तीनशेचाच येतो. जोड दिला तर तार जोडावर अडकते, तिथं खड्डा पडतो."

पूर्वीच्या पद्धतीत याच वाक्यावर माझा आठवडा गेला असता. मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर उघडला आणि ड्रायव्हरची ओळ शोधली. टेपर काढला, त्या जागी मुळाची कॉर्ड घातली, तीनशे. क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, लांबी दोन मीटर. टोकाची कॉर्ड आली बरोबर 200, टेपर 0.667. टोक रुंद झालं होतं, म्हणजे टोकाची अट आणखी सहज पाळली जात होती. व्हीएसपीएरो चालवलं, आकडा कागदावरच्याशी ताडून पाहिला, धडाजवळचा सांधा नव्या मुळाशी आपोआप जुळला, साचे नव्यानं निघाले. काकांनी मागवलेला चहा तेवढ्यात आला.

ते पडद्याकडे बघत होते. "माझा ठोकळा आत घातलात का?"

"हो काका. तिसरं माप तुमचं."

पंख शनिवारी कापला. सतरा, अठरा, एकोणीस म्हणताना आवाज दोघांचाही हळू झाला होता, कारण मागची कड तिथंच येते. ती अखंड सुटली. पुढच्या आठवड्यात त्याच शेतात, त्याच सहकाऱ्यानं, पाच पावलं धावून विमान फेकलं. हातातून सुटल्यावर ते थोडं खाली बसलं, दोन्ही टोकं एका पातळीत, आणि मग वर चढत गेलं. बेचाळीस मिनिटांनी उतरलं तेव्हा नोंदीतला सरासरी प्रवाह 6.2 अँपिअर होता. जुन्या विमानाला त्याच वेगाला साडेसात लागायचे. मामांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेपटीची तीन मापं कुठली धरलीस?" शेपटी अजून जुन्याच चित्रातली आहे. उद्यापासून तिला घेणार आहे.